इंग्लंडच्या कालव्यावर बोटीत कायमचं राहणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्लाव, साउथॉल, मिल्टन कीन्स, लेस्टर, बर्मिंगहॅम. इंग्लंडमध्ये मराठी मंडळी जिथे जिथे राहतात, त्यातल्या बऱ्याच गावांच्या कुशीतून एखादा कालवा जातो. संध्याकाळी फिरायला गेलं की लाल-हिरव्या रंगाच्या लांबोड्या बोटी दिसतात. छपरावर सायकल आणि तुळशीएवढ्या कुंड्या असतात, धुराड्यातून धूर निघत असतो. त्याच आठवड्यात घरमालकाने भाडं वाढवल्याचं पत्र पाठवलेलं असतं, आणि मग हे प्रश्न सुरू होतात. उत्तरं शक्य तितकी सरळ दिली आहेत. माझं मत आधीच सांगून ठेवते : बोटीवर भाडं वाचतं, पण ते वेळाच्या आणि अंगमेहनतीच्या रूपात फेडावं लागतं. हा सौदा ज्याला आवडतो त्यानेच इकडे यावं.

ही हाउसबोटच ना? केरळात असते तशी?

नाही. केरळची किंवा श्रीनगरची हाउसबोट ऐसपैस असते. इथली नॅरोबोट रुंदीला जेमतेम ६ फूट १० इंच, कारण जुन्या लॉकची रुंदी साधारण ७ फूट आहे. लॉक म्हणजे बोट वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर, किंवा उलट, नेण्यासाठी बांधलेली दरवाज्यांची पाण्याची पेटी. लांबी मात्र ७० फुटांपर्यंत जाते. आत मधोमध उभं राहून हात पसरले की बोटं दोन्हीकडच्या भिंतींना लागतात. आगगाडीच्या डब्यातली बोळकांडी आठवा, आणि तिच्यातच स्वयंपाकघर, बैठक, न्हाणीघर, पलंग एकामागोमाग एक मांडा.

हे कालवे मुळात कोळशासाठी खोदले गेले. जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने ड्यूक ऑफ ब्रिजवॉटरच्या खाणीतला कोळसा मँचेस्टरला आणण्यासाठी कालवा बांधला. तो १७६१ मध्ये सुरू झाला आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत देशभर कालव्यांचं जाळं विणलं गेलं. रेल्वे आल्यावर भाव पडले आणि नावाड्यांना काठावरचं घर परवडेना. अख्खी कुटुंबं बोटीच्या मागच्या सुमारे १० फुटांच्या खोलीत राहू लागली. म्हणजे बोटीत राहणं ही इथे हौस म्हणून नव्हे, गरिबीतून सुरू झालेली गोष्ट. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे कित्येक आठवडे गोठले आणि मालवाहतुकीचा उरलासुरला धंदाही बसला. आज इंग्लंड-वेल्समधले सुमारे २००० मैलांचे जलमार्ग कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था सांभाळते. तिच्या पाण्यात सुमारे ३५ हजार बोटी आहेत.

१०-१२ फूट रुंदीची बोटही मिळते, तिला वाइडबीम म्हणतात. आत फ्लॅटसारखी मोकळी वाटते. पण मिडलंड्समधल्या, म्हणजे मध्य इंग्लंडातल्या, अरुंद लॉकमध्ये ती शिरत नाही, त्यामुळे दक्षिणेतून उत्तरेत न्यायची तर क्रेनने उचलून ट्रकवर चढवावी लागते.

एक छानशी जागा बघून तिथेच बोट लावून राहता येईल का?

सगळ्यात जास्त गैरसमज याच बाबतीत आहे, म्हणून जरा विस्ताराने सांगते.

बोट लावायची स्वतःची ठरलेली जागा, म्हणजे मुरिंग, असेल तर राहता येईल. पण मुरिंग दोन तऱ्हेचं असतं. बहुतेक मुरिंग फक्त बोट ठेवण्यासाठी असतात. तिथे अधूनमधून मुक्काम चालतो, पण ते कायमचं घर होऊ शकत नाही. कायम राहायचं तर ‘रेसिडेन्शियल’ मुरिंग लागतं, त्याला नियोजन खात्याची परवानगी हवी, आणि अशी मुरिंग फार थोडी आहेत. लंडनमध्ये चांगल्या ठिकाणी त्याचं भाडं वर्षाला दहा हजार पौंडांच्या पुढे जातं. कित्येक मरिनांमध्ये, म्हणजे भाड्याने बोटी लावायच्या तळांवर, लोक गुपचूप राहतात आणि चालक काणाडोळा करतात. एक दिवस करत नाहीत, तेव्हा पंचाईत होते.

मुरिंग नसेल तर तुम्ही ‘कंटिन्युअस क्रूझर’, म्हणजे फिरते. ब्रिटिश वॉटरवेज कायदा १९९५ असं सांगतो की अशा बोटीने खरोखर प्रवास करत राहायला हवं आणि कुठल्याही एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबू नये. परिस्थितीच तशी असेल तर वाजवी मुदतवाढ मिळते. इंजिन बंद पडलं, कालवा गोठला, पुढचं लॉक दुरुस्तीला काढलं, घरात आजारपण आलं, ही कारणं चालतात, पण ट्रस्टला वेळीच कळवावं लागतं. नोकरी किंवा मुलांची शाळा हे कारण चालत नाही.

‘मग दर १४ दिवसांनी शंभर मीटर पुढे-मागे करू’ ही युक्ती प्रत्येक नवख्याला सुचते. ती ट्रस्टला फार पूर्वीपासून माहीत आहे. त्यांची माणसं टोपाथवरून, म्हणजे कालव्याकाठच्या पायवाटेवरून, फिरत बोटींचे क्रमांक नोंदवत असतात. जागा बदलली म्हणजे नुसता खुंट बदलून चालत नाही, परिसर बदलायला हवा. वर्षभरात किमान २० मैलांच्या टापूत तरी फिरावं असा त्यांचा सर्वसाधारण संकेत आहे. नियम मोडत राहिलात तर आधी परवान्याची मुदत कमी होते, मग परवाना जातो, आणि शेवटी कोर्टाच्या आदेशाने बोट पाण्यातून काढून नेतात. ती बोट म्हणजे तुमचं घर असतं, हे विसरू नका.

लंडनमध्ये आणखी एक अडचण आहे. हॅकनी, व्हिक्टोरिया पार्क, लिटल व्हेनिस या भागांत बोटी दोन-दोनच्या रांगेत बांधलेल्या असतात. दर पंधरवड्याला जागा शोधत हिंडायचं म्हणजे दादर स्टेशनबाहेर गाडी लावायला जागा शोधण्यासारखं, फक्त ताशी ४ मैलांच्या वेगाने.

भाड्याच्या घरापेक्षा स्वस्त पडतं का?

लंडनच्या मानाने बहुतेक वेळा हो. लेस्टर किंवा स्टोकच्या मानाने पडेलच असं नाही.

वापरलेली, ५०-६० फुटी, राहण्याजोगी नॅरोबोट साधारण चाळीस ते सत्तर हजार पौंडांना मिळते. नवी बांधून घेतली तर लाखाच्या वर जाते. बँका बोटीवर घरासारखं गृहकर्ज देत नाहीत, त्यामुळे रोख हवी किंवा चढ्या व्याजाचं, थोड्या मुदतीचं बोटकर्ज घ्यावं लागतं. आणि घराची किंमत वाढते तशी बोटीची वाढत नाही. लोखंड जुनं होतं, किंमत उतरते. मुंबई-पुण्यात फ्लॅटकडे गुंतवणूक म्हणून बघायची सवय लागलेल्या माणसाला हे पचायला जड जातं.

वर्षाचा परवाना बोटीच्या लांबी-रुंदीवर ठरतो आणि मध्यम बोटीलाही हजार पौंडांपेक्षा जास्त पडतो. मुरिंग नसलेल्यांना २०२४ पासून त्यावर ५ टक्के अधिभार लागला, आणि तो २०२८ पर्यंत २५ टक्क्यांवर न्यायचं ठरलं आहे. त्याशिवाय विमा, दर चार वर्षांनी बोट सेफ्टी स्कीमचं प्रमाणपत्र, आणि दर दोन-तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून तळाला काळा संरक्षक लेप. डिझेल, कोळसा, गॅस हे चालूच असतं. फिरत्या बोटीला कौन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टी, नसतो, रेसिडेन्शियल मुरिंगला बहुधा लागतो.

हिशेब करताना लोक एक रकाना विसरतात, तो दुरुस्तीचा. आल्टर्नेटर जातो, बॅटऱ्या बसतात, पाण्याचा पंप रात्री दोनला रडायला लागतो. स्वतः पान्हा हातात घेता येत असेल तर खर्च आवाक्यात राहतो. प्रत्येक वेळी माणूस बोलवावा लागला तर बचत विसरा.

थंडीत कसं होतं?

नीट केलं तर बोट घरापेक्षा उबदार राहते. छोट्या जागेत लोखंडी शेगडी पेटवली की जानेवारीतही आत सदऱ्यावर बसता येतं. पण ती शेगडी नोव्हेंबर ते मार्च विझू द्यायची नाही. रोज राख काढा, कोळसा भरा, रात्री हवेची झडप किंचित उघडी ठेवून निखारा धरून ठेवा. आपल्या आज्या चुलीत विस्तव राखून ठेवायच्या, तोच प्रकार. कडाक्याच्या थंडीत २५ किलोचं पोतं दोन-तीन दिवसांत संपतं. साधा दगडी कोळसा घरगुती वापरासाठी विकायला इंग्लंडमध्ये २०२३ पासून बंदी आहे, त्यामुळे कमी धुराचा, महाग कोळसा घ्यावा लागतो. आठवडाभर भारतात जाऊन परत आलात की बोट बर्फासारखी गार झालेली असते, आणि नळ्यांतलं पाणी काढून ठेवलं नसेल तर त्या फुटलेल्याही असतात.

थंडीपेक्षा खरा त्रास चिखल आणि अंधाराचा. टोपाथ डिसेंबरात घोट्यापर्यंत चिखलाचा होतो, साडेचारला अंधार पडतो, आणि ऑफिसचे बूट हातात धरून स्टेशन गाठावं लागतं. उन्हाळ्यात बोट घेतलेले कित्येक जण पहिल्या फेब्रुवारीत ती विकायला काढतात.

वीज आणि इंटरनेट? मी घरून काम करतो.

जमतं. छपरावर सौर पॅनेल, खाली बॅटऱ्या, इन्व्हर्टर आणि मोबाइल सिमवर चालणारा राउटर, एवढ्यावर लॅपटॉपची नोकरी होते. एप्रिल ते सप्टेंबर ऊन पुरतं. नोव्हेंबर ते जानेवारी सौर पॅनेल शोभेला. तेव्हा रोज दोन-तीन तास इंजिन चालवून बॅटऱ्या भराव्या लागतात, आणि तेही सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेतच. झाडीत किंवा खोल खोदलेल्या भागात बोट लावली तर नेटवर्क जातं, म्हणून मीटिंगच्या आदल्या दिवशी जागा बघून लावायची.

संडासाचं काय? (हा प्रश्न सगळे हळू आवाजात विचारतात.)

मोठ्याने विचारा, कारण बोटीवरच्या गप्पा शेवटी याच विषयावर येतात. तीन पर्याय आहेत.

पहिला, बोटीतच मोठी टाकी. महिन्यातून एकदा मरिनात नेऊन पैसे देऊन पंपाने उपसायची. सोयीचं, पण कालवा गोठला आणि टाकी भरली की माणूस हतबल. दुसरा, कॅसेट : संडासाखाली बसणारी, सुमारे २० लिटरची, बॅगेसारखी ओढून काढायची पेटी. दोघांना तीन-चार दिवस पुरते. मग ती चाकांवर ओढत ठरलेल्या जागी नेऊन स्वतः ओतायची आणि धुवायची. तिसरा, पाणी न वापरता घन-द्रव वेगळं ठेवणारा कोरडा संडास. त्यातला घन भाग पिशवीत बांधून कचऱ्यात टाकण्याची सवलत ट्रस्टने २०२१ अखेर बंद केली, त्यामुळे खत करायला जागा असेल तरच त्याचा विचार करा.

आपल्याकडे हे काम पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांवर लादलं गेलं. स्वतःची कॅसेट स्वतः ओतताना ज्याला कमीपणा वाटतो, त्याचं बोटीवर जमणार नाही. पाण्याने धुण्याची सवय मात्र सोडावी लागत नाही, फक्त त्या पाण्यानेही पेटी लवकर भरते हे लक्षात ठेवा.

आपला स्वयंपाक होतो का?

होतो, पण वाफेशी भांडण होतं. आतल्या गरम हवेतली वाफ खिडकीच्या गार चौकटीवर जमून पाणी होतं आणि गादीखाली, कपाटामागे बुरशी धरते. कुकरच्या चार शिट्ट्या, वरणाचं आधण आणि आत वाळत घातलेले न वाळणारे कपडे, असं एका वेळी झालं की भिंती घामाघूम होतात. हवा जायच्या झडपा लोकांना थंडीमुळे बुजवाव्याशा वाटतात. बुजवू नका, सुरक्षेसाठीही त्या उघड्याच हव्यात.

फोडणीचा वास पडद्यांत, गादीत, स्वेटरांत बसतो. मी मासे बाहेरच तळते, बोटीच्या पुढच्या डेकवर, आणि त्यामुळे ओळखी फार होतात. गॅस सिलिंडरचा, आपल्या घरच्यासारखाच. फक्त सिलिंडर आत नाही, बाहेरच्या वेगळ्या कप्प्यात ठेवायचा असतो, कारण गळालेला गॅस खाली बसतो आणि बोटीच्या तळातून त्याला बाहेर पडायला वाट नसते. मिक्सर चांगल्या इन्व्हर्टरवर चालतो. पाण्याची टाकी ३००-६०० लिटरची, त्यामुळे भांडी घासताना नळ सोडून ठेवायची चैन नाही. ज्यांनी लहानपणी टँकरचं पाणी पाहिलंय त्यांना हे शिकवावं लागत नाही.

किराण्याची चंगळ आहे. ग्रँड युनियन कालव्याची पॅडिंग्टन शाखा आल्पर्टनला ईलिंग रोडखालून जाते. साउथॉल-हेजच्या मध्ये बुल्स ब्रिजला तर सुपरमार्केटच्या दाराशी बोट लावता येते. याच पट्ट्यात पाण्यात नारळ तरंगताना दिसले तर दचकू नका, कुणीतरी श्रद्धेने सोडलेले असतात. नारळाने फारसं बिघडत नाही. त्याच्याबरोबर सोडलेलं कापड बोट ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्यात गुंडाळतं, आणि मग डिसेंबरच्या पाण्यात दंडापर्यंत हात घालून ते सुरीने कापत बसावं लागतं.

कायमचा पत्ता नसेल तर डॉक्टर, मतदान, व्हिसा?

सरकारी डॉक्टरकडे नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा बंधनकारक नाही. नकार मिळाला तर हा नियम शांतपणे दाखवा. मतदान करता येतं : पक्का पत्ता नसलेल्यांसाठी ‘स्थानिक संबंधाचं’ घोषणापत्र भरायची सोय आहे, आणि भारतीय नागरिक राष्ट्रकुलातले असल्याने, कायदेशीर वास्तव्य असेल तर, इथे मत देऊ शकतात. बऱ्याच जणांना हेच ठाऊक नसतं.

बँक आणि विमा कंपन्या डोकं खातात. टपाल स्वीकारून पुढे पाठवणारी सशुल्क सेवा किंवा विश्वासू मित्राचा पत्ता, यावर भागतं.

व्हिसावर असाल तर मात्र जपून. पत्ता बदलला की गृहखात्याच्या ऑनलाइन खात्यात कळवावं लागतं, आणि स्पॉन्सर करणाऱ्या कंपनीलाही तुमचा सध्याचा पत्ता माहीत असायला हवा. इथे स्थायिक असलेल्याने पती-पत्नीला बोलवायचं तर पुरेशी राहण्याची जागा आहे हे दाखवावं लागतं. त्या अर्जात बोट लिहिण्याआधी इमिग्रेशन वकिलाची फी खुशाल भरा. माझा सल्ला, कायमचं वास्तव्य हातात येईपर्यंत फिरत्या बोटीच्या फंदात पडू नका.

मुलं असतील तर?

मुरिंग असेल तर हो. फिरतं राहून शाळा सांभाळणारी कुटुंबं आहेत, पण दर पंधरवड्याला शाळेचा रस्ता बदलतो आणि त्यांची ओढाताण दिसते. चालायला लागलेल्या मुलाला डेकवर जीवरक्षक जाकीट कायम हवं.

बुडायची भीती किती?

कालवा बहुतेक ठिकाणी कंबर-छातीएवढाच खोल असतो. पडलात तर बहुधा उभे राहाल, चिखलाने माखून. धोका तीन ठिकाणी आहे. एक, थंडीत निसरड्या कडेवरून, रात्री, पिऊन पडणं. दोन, लॉक. पाणी खाली जात असताना बोटीचा मागचा भाग वरच्या दरवाज्याखालच्या दगडी उंबऱ्यावर अडकला तर पुढचा भाग खाली जातो, मागचा वरच राहतो, आणि बोट काही मिनिटांत पाण्याने भरते. त्या उंबऱ्याची जागा पांढऱ्या रेघेने दाखवलेली असते, तिच्या पुढे राहायचं. तीन, आणि हा सगळ्यात वाईट, शेगडीतून किंवा इंजिनातून येणारा कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नसतो. राहत्या बोटीत त्याचा अलार्म २०१९ पासून सक्तीचा आहे.

पाणी कमी झालं किंवा कालवा फुटला तर?

अरुंद लॉकमधून एक बोट गेली की लाखभर लिटरहून जास्त पाणी खालच्या बाजूला जातं. ते डोंगरातल्या जुन्या तलावांतून भरून काढतात. पावसाने दडी मारली की लॉकना कुलूप लागतं. २०२५ च्या उन्हाळ्यात लीड्स-लिव्हरपूल कालव्याचा मोठा पट्टा असाच बंद होता आणि फिरते लोक होते तिथेच अडकले. हिवाळ्यात दुरुस्तीसाठी लॉक बंद ठेवतात, ते वेळापत्रक आधी जाहीर होतं.

पुण्यात दांडेकर पुलाजवळ सप्टेंबर २०१८ मध्ये कालवा फुटला होता. त्याच वर्षी मार्चमध्ये इकडे मिडलविचजवळ श्रॉपशायर युनियन कालव्याच्या शाखेचा भराव खचला, पाणी खालच्या नदीत गेलं आणि काही बोटी चिखलात बसल्या. ती शाखा पुन्हा सुरू व्हायला वर्षाची अखेर उजाडली.

आपल्याकडच्या कालव्यांत असं राहता येईल का?

नाही. मुठा उजवा किंवा नीरा कालवा हा सिंचनाचा. त्याला उतार असतो, आवर्तन सुटलं की पाणी धावतं, आवर्तन संपलं की तळ दिसतो. इथला वाहतुकीचा कालवा जवळजवळ स्थिर असतो, चढ-उतार सगळा लॉकमध्ये.

गणपती बसवता येतो?

येतो, चांगला सजतो. विसर्जन बादलीत करा. साडेतीन फूट साचलेल्या पाण्यात मूर्ती महिनोन्‌महिने तशीच दिसत राहते.

आई-बाबा भारतातून महिनाभर आले तर?

जुलैत चार दिवस आणा, खूश होतील. वेल्समधला पोंटकसिल्टेचा, कालवाच पुलावरून नेणारा १२६ फूट उंच जलसेतू दाखवा, बाबांचा दुसऱ्या दिवसापासून लॉकचे दरवाजे ढकलायचा हट्ट सुरू होईल. महिनाभरासाठी मात्र काठावर खोली घ्या. गुडघे दुखणाऱ्याला बोटीच्या उभ्या पायऱ्या दिवसातून दहादा चढता येत नाहीत, आणि बाथरूमचं दार उशाशीच उघडतं.

घ्यायचं ठरलंच, तर आधी काय बघू?

तळ बघा. बाकी सगळं दुरुस्त होतं, पातळ झालेला पत्रा महागात जातो. बोट पाण्याबाहेर काढून स्वतंत्र तपासनिसाकडून पत्र्याची जाडी मोजून घ्या, विकणाऱ्याने दाखवलेल्या जुन्या अहवालावर जाऊ नका. उत्तरेतही फिरायची इच्छा असेल तर लांबी ५७ फुटांच्या आत ठेवा, तिकडच्या कॅल्डर अँड हेबल जलमार्गाची लॉक त्याहून मोठी बोट घेत नाहीत. ‘मुरिंगसह विक्री’ असं लिहिलेलं असेल तर मुरिंगचा करार नव्या मालकाच्या नावावर होतो का, हे मरिनाकडून लेखी घ्या.

आणि पैसे देण्याआधी एक बोट आठवडाभर भाड्याने घ्या, जानेवारीत. त्या दिवसांत दरही कमी असतात. कॅसेट स्वतः ओता, शेगडी स्वतः पेटवा, कामावर तिथूनच जा.